जुन्या रोटरी गाडीचं इग्निशन टायमिंग: कानाने लावायचं की लाइटने?

डिलकोवाला, जळगाव

नमस्कार मंडळी. वाहन विभागात बरेच दिवस सामसूम आहे, म्हणून जरा वेगळा विषय टाकतो.

भाचा ऑकलंडला असतो. तिकडे त्याने १९८३ची माझदा आरएक्स-७ घेतली. इंजिन रोटरी, १२ए, ११४६ सीसी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही. आमच्या अजिंठा चौफुलीच्या आसपासच्या एकाही मिस्त्रीने असल्या इंजिनाला हात लावलेला नसेल. तरी पठ्ठ्याने व्हिडिओ कॉल लावला तो मलाच. म्हणे, "मामा, डिलको तो डिलकोच ना?" (डिलको म्हणजे डिस्ट्रिब्युटर, वेळेवर प्लगांना ठिणगी वाटणारा.)

तक्रार अशी. आयडलिंग झकास, रेस दिली की ताडकन उचलते, पण चढाला वरच्या गिअरमध्ये दाबली की आतून कडकड आवाज. टायमिंग त्याने स्वतः लावलेलं, तेही अगदी शिस्तीत, टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) घेऊन. पुलीवरची पिवळी खूण पुढच्या कव्हरच्या पिनसमोर बरोबर आणलेली.

म्हटलं, लाइटचा चिमटा कुठल्या वायरला लावलास ते दाखव. तर हा वरच्या प्लगच्या वायरीला! वरची हाताला सोपी पडते म्हणून.

आता ज्यांनी रोटरी पाहिली नाही त्यांच्यासाठी. यात प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. आधी लीडिंग पेटतो, ट्रेलिंग मागून. पुलीवर खुणाही दोन, पिवळी लीडिंगची आणि तांबडी ट्रेलिंगची. अमेरिकेत विकलेल्या ८१ ते ८५च्या १२एला लीडिंग शून्यावर, म्हणजे बरोबर टॉपला, आणि ट्रेलिंग टॉपनंतर २० अंशांवर. भाच्याच्या गाडीवरच्या खुणाही तेच सांगत होत्या. त्याने चिमटा लावला ट्रेलिंगला आणि खूण जुळवली लीडिंगची. म्हणजे अख्खा डिलको २० अंश पुढे गेला. लीडिंग आयडलिंगलाच टॉपच्या २० अंश आधी पेटतोय, त्यात रेस दिल्यावर आतली वजनं फाकून आणखी अ‍ॅडव्हान्स देणार, म्हणजे ठिणगी अजून लवकर. कडकड होणार नाही तर काय.

चिमटा खालच्या वायरीला लावून पुन्हा जुळवायला सांगितलं. पिकअप जरा मऊ झाला म्हणून नाराज आहे, पण आवाज गेला.

धागा काढायचं कारण पुढचं. आपल्याकडे फियाट, अ‍ॅम्बेसेडर, जीपचं टायमिंग आपण कानानेच लावत आलो. डिलको फिरवायचा, चढाला गाडी घालायची, किंचित खडखड आली की केसभर मागे घ्यायचा. बस्स. माझं म्हणणं, रोटरीला हा प्रकार चालत नाही. कुणाचा वेगळा अनुभव असेल तर लिहा.

---

भुसावळ_शेड

मस्त विषय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक बाळबोध प्रश्न. पिस्टनच नाही तर टॉप कुठून आला? टॉप म्हणजे पिस्टन वर टेकतो ती जागा ना?

---

धुळ्याचा मास्तर

@भुसावळ_शेड, बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. पॉलिटेक्निकची पोरं हाच विचारतात.

रोटर तीन बाजूंचा. तो ज्यात फिरतो ते घर, म्हणजे हाउसिंग. प्रत्येक बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये एक पोकळी. रोटर फिरताना ती पोकळी लहानमोठी होते. दाबाच्या शेवटी सगळ्यात लहान होते तो टॉप. क्रँकच्या जागी इथे एक्सेन्ट्रिक शाफ्ट असतो, त्यावरच पुली आणि पुलीवरच खुणा.

रोटर एकदा फिरतो तोवर शाफ्ट तीनदा फिरतो. एका बाजूचं ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं हे सगळं शाफ्टच्या १०८० अंशांत होतं. आपल्या फियाटला हेच ७२० अंशांत. म्हणजे फियाटचा एक स्ट्रोक १८० अंशांचा आणि रोटरीचा २७०. त्यामुळे पुलीवरचे २० अंश हे पिस्टनच्या हिशेबाने साधारण १३ अंशच. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून "यात इतकंच कसं" असं म्हणू नये. मोजपट्टीच वेगळी आहे.

---

रावेरचा केळीवाला

काका, दोन प्लग कशाला? एकाने भागत नाही का? आणि दुसरा इतक्या उशिरा का पेटवायचा?

---

धुळ्याचा मास्तर

पोकळी लांबट आणि चपटी असते, शिवाय पेटत असतानाच पुढे सरकत असते. एका ठिणगीने पेटलेली ज्योत मागच्या टोकाला वेळेत पोहोचत नाही. तिथलं मिश्रण न जळता बाहेर जातं. म्हणून दुसरा प्लग.

---

रावेरचा केळीवाला

समजलं. लांबट वाफ्याला एकाच तोंडातून पाणी सोडलं तर शेवटची खोडं कोरडीच राहतात, तसं.

---

डिलकोवाला, जळगाव

अगदी. जोर मात्र लीडिंगचाच. आयडलिंगला ट्रेलिंगची ठिणगी बंद केली तर गाडीला फारसं कळतही नाही. लीडिंग बंद केली की लगेच गळपटते. कुठल्या वायरी कुणाच्या याची शंका असेल तर ही तपासणी सोपी, फक्त काढलेली वायर लोंबकळत ठेवू नका. प्लग लावून बॉडीला टेकवा, नाहीतर कॉइल किंवा इग्नायटर जायचा.

आणखी एक. ट्रेलिंग प्लगच्या आतल्या तोंडाचं भोक मुद्दाम बारीक असतं. रोटरचं टोक त्या भोकावरून जातं तेव्हा दोन्ही बाजूंच्या दाबात मोठा फरक असतो, भोक मोठं असेल तर एका पोकळीतलं दुसरीत फुसकन जाईल. ज्याने हे बसून काढलं त्याच्या डोक्याला दंडवत.

---

चाळीसगाव एक्स्प्रेस

डिलकोवाले काका, माफ करा पण थोडं खटकलं. कानाने टायमिंग लावणं म्हणजे अडाणीपणा असा सूर लागतोय. आमचे वडील कन्नडच्या घाटात अ‍ॅम्बेसेडर घालून टायमिंग लावायचे. लाइट-बिइट काही नाही. गाडी लाखभर किलोमीटर इंजिन न उघडता चालली. जी पद्धत घाटात पास झाली तिला नावं का ठेवायची?

---

डिलकोवाला, जळगाव

नावं कोण ठेवतंय भाऊ? मी स्वतः तसंच लावतो. घाटात लावलेलं टायमिंग हे खरं टायमिंग, कारण पेट्रोल तुमचं, हवा तुमची, इंजिनाची झीजही तुमचीच. पुस्तकातला आकडा नव्या कोऱ्या इंजिनाचा असतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या वर गेला की मी जुन्या पॉइंटच्या (डिलकोत उघडझाप करणाऱ्या संपर्कपट्ट्यांच्या) गाड्या जरा मागेच ठेवतो, कारण तापलेली हवा आत गेली की नॉकिंग, म्हणजे ती कडकड, लवकर येतं. हे कानालाच कळतं.

पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. किंचित नॉकिंग ऐकेपर्यंत जायचं आणि तिथून मागे यायचं. म्हणजे थोडं नॉकिंग इंजिनाने सोसायचं. अ‍ॅम्बेसेडरचा पिस्टन सोसतो. रोटरीचं टोक सोसत नाही.

रोटरच्या तीन टोकांना तीन पट्ट्या असतात, एपेक्स सील. पिस्टनच्या रिंगचं काम त्या करतात. पिस्टनला रिंगा तीन-चार असतात, एक दमली तर दुसरी धरून नेते. इथे टोकाला एकच पट्टी. नॉकिंगचा दणका थेट तिच्यावर. तडकली की तुकडा घराच्या क्रोमच्या भिंतीवर घासत जातो, सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि जाताना भिंत खरवडून जातो. मग निव्वळ सील बदलून भागत नाही, घरच बदलावं लागतं. शिवाय रोटरी तशीही घोंघावते, वरच्या आरपीएमला बारीक नॉकिंग कानाला येईलच याची खात्री नाही. ऐकू येईतो उशीर झालेला असतो.

---

चाळीसगाव एक्स्प्रेस

हं. हे पटलं.

---

धुळ्याचा मास्तर

या सीलने माझदाला सुरुवातीला फार छळलंय. कल्पना मूळ जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची, पहिली विक्रीची गाडी एनएसयू स्पायडर, १९६४. माझदाने परवाना घेतला आणि हिरोशिमात केनिची यामामोतोंच्या हाताखाली तुकडी बसवली. चाचणीत घराच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडायचे, त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील भिंतीवर थरथरत चालायची म्हणून ते पडत. त्यातून वाट काढून १९६७ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, १९७८ला आरएक्स-७. पुढे १९९१ला ७८७बीने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली.

थोडक्यात, या इंजिनाचा सगळा इतिहास त्या पट्टीभोवतीच फिरतो, आणि टायमिंग चुकलं की पहिली तीच जाते.

---

पारोळ्याचा पंक्चरवाला

भारी शे भो! पण मना एक प्रश्न शे. शून्यावर टायमिंग म्हणजे रिटार्डच ना? आपल्या गाड्या टॉपच्या आधी पेटतात. ही टॉपला आणि टॉपनंतर पेटते, मग पळते कशी?

---

डिलकोवाला, जळगाव

शून्य फक्त आयडलिंगला. वेग वाढला की डिलकोतली वजनं फाकतात आणि ठिणगी टॉपच्या बरीच आधी पडायला लागते. हलक्या पायाने चालवत असाल तर व्हॅक्युमचा डबा आणखी थोडं पुढे नेतो. आपल्या डिलकोत हेच असतं, फक्त इथे व्हॅक्युमचे डबे दोन, लीडिंगला एक आणि ट्रेलिंगला एक.

आयडलिंगला मागे ठेवायचं कारण धूर. रोटरीतून न जळलेलं पेट्रोल जास्त बाहेर पडतं. ठिणगी उशिरा दिली की सायलेन्सरकडे जाणारी हवा जास्त गरम राहते आणि उरलंसुरलं तिथे जळतं.

म्हणूनच लाइट लावताना व्हॅक्युमच्या नळ्या काढून तोंडं बंद करायची. भाच्याने तेवढं केलं होतं. इंजिन पूर्ण गरम, आयडलिंग साधारण ७५०, हेडलाइट, हीटर सगळं बंद. लाइटचा चिमटा पुढच्या रोटरच्या लीडिंगला. डिलकोचा नट सैल करून पिवळी खूण पिनसमोर आणायची, नट आवळायचा, आवळल्यावर पुन्हा बघायचं, कारण आवळताना तो हमखास सरकतो. मग चिमटा ट्रेलिंगला लावून तांबडी खूण बघायची. ती चुकत असेल तर डिलको फिरवायचा नाही, फिरवला की लीडिंगपण हलणार. ट्रेलिंगच्या व्हॅक्युम डब्याचे स्क्रू सैल करून डबा आतबाहेर सरकवायचा, त्याने फक्त ट्रेलिंग हलतं. आधी लीडिंग, मग ट्रेलिंग. हा क्रम उलटा करून कित्येक जण दिवसभर गोल गोल फिरत बसतात.

खुणा चाळीस वर्षांच्या तेलाने काळ्या झालेल्या असतात. आधी रॉकेलने पुसा आणि रंग भरून घ्या. भाच्याने बायकोचं नेलपॉलिश वापरलं. पिवळं घरात नव्हतं म्हणून लीडिंगला गुलाबी. मी म्हटलं, पुढच्या मालकाला सांगून ठेव बाबा.

---

ऑकलंडचा भाचा

मामा, सगळी अब्रू काढलीत जगासमोर. 😄

नमस्कार सगळ्यांना. मीच तो चिमटावाला. एक भीती मनात होती ती इथेच विचारतो. काही दिवस तशीच चालवली, सील गेली असेल का? गाडी आता सुरळीत आहे, पण सकाळी थंड असताना स्टार्टर जरा जास्त मारावा लागतो.

---

डिलकोवाला, जळगाव

घरी विचारायचं सोडून इथे विचारतोयस, बरं आहे.

कॉम्प्रेशन गेज शोधायच्या आधी एक फुकटची तपासणी कर. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढ, इग्निशन तोड, पुढच्या रोटरचा खालचा प्लग काढ आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. भोकातून फस्, फस्, फस् असे ठोके येतील. तीन बाजू आहेत, म्हणून तीन-तीनच्या तालात. सगळे सारख्या जोराचे हवेत. एखादा ठोका बुळा आला किंवा ताल लंगडला तर समज पट्टी गेली. मग प्लग लावून मागच्या रोटरला तेच. तोंड भोकासमोर धरू नकोस.

---

धुळ्याचा मास्तर

एक भर. एका एपेक्स सीलच्या दोन्ही अंगांना एकेक पोकळी असते. त्यामुळे एक सील फुटली तर बहुधा लागोपाठचे दोन ठोके बुळे येतात आणि तिसरा ठीक येतो. तिन्ही सारखेच मवाळ असतील तर ती सगळीकडची झीज, टायमिंगचा दोष नाही.

साध्या पिस्टनच्या गेजवर भरोसा ठेवू नका. त्यातला झडप-वाल्व सगळ्यात मोठा ठोका धरून ठेवतो, बाकीचे दोन मेलेले असले तरी आकडा सुंदर दिसतो.

---

ऑकलंडचा भाचा

केलं. बायकोने स्टार्टर मारला, मी कान लावला. दोन्हीकडे तिन्ही ठोके सारखे वाटले. रेकॉर्डिंग मामांना पाठवलंय.

---

डिलकोवाला, जळगाव

ऐकलं. ठीक आहेत. थंडीत स्टार्टर जास्त घेते ते चोकचं बघ. आणि ऑइलची पट्टी रोज बघत जा. या इंजिनात तेल जळणं हा रोग नव्हे. एक छोटा पंप मुद्दाम थोडं इंजिन ऑइल सीलसाठी आत सोडत असतो. तेल कमी होत नसेल तर उलट पंप बघायला हवा.

---

नंदुरबारी

पुढच्या मॉडेललाही असंच का? यूट्यूबवर एक गोल नाकाची आरएक्स-७ बघितली, तिला डिलकोच दिसेना.

---

धुळ्याचा मास्तर

८६पासूनच्या पिढीत डिलको गेला. त्याजागी क्रँक अँगल सेन्सर. तिथे लीडिंग टॉपनंतर ५ आणि ट्रेलिंग टॉपनंतर २०. सेन्सर फिरवून पिवळी खूण जुळवायची, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. तेव्हा १२एचा आकडा तिला लावू नका आणि तिचा हिला.

---

पारोळ्याचा पंक्चरवाला

काका, आपल्याकडे आता बठ्ठं पेट्रोल ई-२०. जुन्या गाडीचं टायमिंग त्याने बदलावं लागतं का?

---

डिलकोवाला, जळगाव

ई-२०चा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे नॉकिंग उलट कमी येतं. जुन्या गाडीला त्याचा त्रास टायमिंगमध्ये नाही, रबरात आहे. पंपाचा डायफ्रॅम, जुन्या नळ्या, कार्बोरेटरचं पॅकिंग. आधी ते बघा, टायमिंगला हात नंतर. आणि हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे सुरू झाला तर दोनशे प्रतिसाद होतील आणि पाच जण रुसतील.

---

रावेरचा केळीवाला

काका, रोटरी काही आमच्या नशिबात नाही. दारात वडिलांची पेट्रोल जीप आहे, बागेत जायला अजून वापरतो. टायमिंग लाइट रावेरात कुणाकडे नाही. तिचं लाइटशिवाय पक्कं कसं लावायचं?

---

डिलकोवाला, जळगाव

बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी पुरे. पॉइंटच्या गाडीला बल्बची पद्धत लाइटइतकीच चांगली आहे. (भाच्यासारख्या रोटरीवाल्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांनी ही करू नये, तिथे पॉइंटच नाहीत.)

आधी पॉइंट साफ करून गॅप फिलर गेजने लावा. गॅप किती ते डिलको कुठल्या कंपनीचा आहे त्यावर. गॅप बदलली की टायमिंग बदलतं, म्हणून गॅप आधीच. मग एक नंबरचा प्लग काढून अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा, दाब आला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पुढे हळूहळू टायमिंगच्या खुणेवर आणा, तुमच्या मॉडेलप्रमाणे ती फ्लायव्हीलच्या खिडकीत असेल किंवा पुलीवर. खुणेच्या पुढे गेलात तर खुणेच्याही थोडं मागे नेऊन पुन्हा पुढे फिरवतच खुणेवर या, म्हणजे चेनगिअरचा ढिलेपणा निघतो.

आता बल्बची एक वायर कॉइलच्या डिलकोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू. डिलको सैल करून आधी डिलकोतला रोटर (टोपीखालचा फिरता हात) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने हळूच आणा. ज्या क्षणी बल्ब लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळा. प्लग पेटायचा क्रम १-३-४-२.

नंतर हवं तर चढाला घालून कानाने केसभर इकडेतिकडे करा. जीप आहे, ती सोसेल.

---

रावेरचा केळीवाला

लई आभार. उद्या सकाळीच डिलको काढून टेबलावर घेतो आणि नीट साफ करून मग लावतो.

---

डिलकोवाला, जळगाव

अहो थांबा, काढू नका! आहे तसाच बसलेला राहू द्या, पॉइंट वरूनच साफ होतात. काढायचाच झाला तर आधी रोटरचं तोंड कुठे आहे आणि कुठली वायर कुठल्या भोकात आहे याचे फोटो काढून इथे टाका. मग बोलू.